ऐनवेळच्या विषयाला मिळालेली मंजुरी

प्रति,
मा. उपनिबंधकसाहेब,
सहकारी संस्था, तालुका बोरवड.

अर्जदार : विमळाबेन शनाभाई परमार,
सभासद, वांसखेडा दूध उत्पादक सहकारी संस्था,
वडवाळा फळिया, मु. वांसखेडा.

विषय : वार्षिक साधारण सभेत सर्वांनी एकमुखाने मंजूर केलेला विषय इतिवृत्तात जसा झाला तसा लिहून मिळण्याबाबत, आणि माझे सभासदत्व रद्द करण्यासाठी येत्या रविवारी बोलावलेली विशेष सभा थांबवण्याबाबत.

संदर्भ : (१) माझे यापूर्वीचे दोन अर्ज.
(२) आपले पत्र : "अर्जदाराने आपल्या म्हणण्यास दुजोरा देणाऱ्या निदान एका सभासदाचे नाव व लेखी जबाब जोडावा, अन्यथा प्रकरण निकाली काढण्यात येईल."

महोदय,

१. सविनय अर्ज करते की, लग्न होऊन वांसखेड्याला आल्यापासून मी वरील डेअरीला सकाळ-संध्याकाळ दूध घालत आले आहे. माझ्या दावणीला दोन सुरती म्हशी आहेत आणि घर त्यांच्यावरच चालते. 'आदर्श पशुपालक महिला' म्हणून शाल पांघरलेला माझा फोटो डेअरीच्या भिंतीवर होता. आता फोटो नाही, नुसता खिळा आहे. माझे आधीचे दोन्ही अर्ज आपल्या कार्यालयाने 'अभिप्रायार्थ' डेअरीच्या चेअरमनांकडे पाठवले, आणि चेअरमन श्री. जशभाई आशाभाई यांनी उलट टपाली कळवले की, चेअरमन श्री. जशभाई आशाभाई यांच्याविरुद्धच्या तक्रारीत तथ्य दिसून येत नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या, आणि वर त्यालाच विचारायचे की बाबा, चोरी झाली का! म्हणून हा तिसरा अर्ज मी स्वतः येऊन आपल्या हाती देत आहे. हा तरी कृपया त्यांच्याकडे पाठवू नये.

२. घटना होळीच्या आधीच्या आठवड्यातली. माझी तिसरी म्हैस मेली होती, तिच्या विम्याच्या कागदांवर सही करायला मला डेअरीच्या माडीवरच्या खोलीत बोलावले. खाली संध्याकाळच्या दुधाची रांग लागलेली होती. वर श्री. जशभाई एकटेच होते. त्यांनी आतून कडी लावली आणि माझ्यावर बळजबरी केली. मी नाही म्हणत होते, आणि ते त्यांना नीट ऐकू येत होते. अधिक तपशील इथे लिहीत नाही. तो पोलिसांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला आहे, ज्याला हवा त्याने तिथे वाचावा. शेवटी ते एवढेच म्हणाले, "पदर नीट कर आणि खाली जा. लोक दूध घालतायत."

हा अर्ज टाईप करून घ्यायला मी कचेरीबाहेरच्या टाईपवाल्याकडे गेले होते. तो म्हणाला, "बेन, 'बळजबरी' नका लिहू, 'गैरवर्तन' लिहा. साहेबलोक मग पुढे तरी वाचतात." मी टाईप न करता हाताने लिहायला घेतले. अक्षर वाईट आहे, शब्द बरोबर आहेत.

३. श्री. जशभाई हे गावाच्या नात्याने माझे थोरले दीर लागतात. आमच्या गावात थोरल्या दिरासमोर सुनेने तोंडावर पदर ओढायचा असतो, मोठ्याने बोलायचे नसते, आणि त्याचे नाव तर जिभेवर आणायचेच नसते. इतकी वर्षे मी त्यांना 'डेअरीवाले', 'ते माडीवरचे' असेच म्हणत आले. ही रीत सुनांच्या रक्षणासाठी आहे असे मला लग्नात सांगितले होते. पुढे पोलीस ठाण्यात जमादारांनी याच रीतीवर बोट ठेवले. "तोंडावर पदर होता म्हणता, मग माणूस कोण ते दिसलं कसं?" मी म्हटले, "साहेब, समोर कोण आहे ते ठाऊक नसतं तर मी पदर ओढला कशाला असता?" हे वाक्य त्यांनी जबाबात घेतले नाही. घटनेच्या वेळी कोण हजर होते, असेही विचारले. मी म्हटले, तोच हजर होता. तेही घेतले नाही.

४. मी घरी सांगितले तेव्हा माझे पती शनाभाई दावणीशी बसून होते. ते रडले. मग म्हणाले, "गप्प बस, विमळा. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? दूध घालायचं कुठे मग?" मी तीन-चार महिने गप्प बसले. रोज किटली घेऊन रांगेत उभी राहिले, आणि माडीच्या जिन्यावरून रोज ते खाली यायचे आणि मला विचारायचे, "काय विमळावहू, म्हैस बरी आहे ना?" सगळ्यांसमोर, अगदी मायेने. त्या मायेची मला अजून शिसारी येते.

५. आषाढात वार्षिक साधारण सभा झाली. शाळेच्या पटांगणात मांडव होता. सव्वातीनशे सभासद, पुढे पुरुष, मागे बाया, आणि मांडवाच्या कडेला मेथीचे गोटे तळायला घेतलेले. आमच्या सभेची एक पद्धत आहे, ती आपल्या कार्यालयालाही माहीत असावी, कारण आपले प्रतिनिधी दरवर्षी गोटे खायला येतात. सचिव नटुभाई विषय वाचतात, वाचून झाला की मान वर न करता विचारतात, "मंजूर?" आणि सगळा मांडव ओरडतो, "मंजूर!" विषय काय होता ते कोणी ऐकलेले नसते. लोकांचे कान नटुभाईंच्या 'मंजूर'कडे असतात आणि नाक कढईकडे. एकदा नटुभाईंनी चुकून मागच्या वर्षीचा जमाखर्च वाचला, तोही मंजूर झाला होता.

शेवटचा विषय असतो 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. मी उभी राहिले आणि परवानगी मागितली. श्री. जशभाई माईकवरून हसत म्हणाले, "बोला, विमळावहू बोला! सरकी पेंड महाग झाली, हेच ना?" लोक हसले. ही परवानगी त्यांनी सर्वांसमक्ष दिलेली आहे, हे कृपया लक्षात घ्यावे. मी पुढे गेले. तोंडावरचा पदर मागे केला आणि माईकमध्ये म्हटले, "पेंडीचं नाही. होळीच्या आधी जशभाई आशाभाईंनी मला माडीवरच्या खोलीत सहीला बोलावलं, आतून कडी घातली आणि माझ्यावर बळजबरी केली. मी नाही म्हणत होते. हे सभेसमोर सांगायचं होतं."

नटुभाई खाली मान घालून कागद चाळत होते. माझे बोलणे थांबले एवढेच त्यांच्या कानांनी टिपले असावे. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेले, "मंजूर?"

आणि सव्वातीनशे लोक ओरडले, "मंजूर!"

त्यानंतर माईक बंद झाला, मग पुन्हा चालू झाला, आणि अध्यक्षांचे आभार मानण्यात आले.

६. आता इतिवृत्त पाहावे. त्यात असे लिहिले आहे : "ऐनवेळचे विषय : सौ. विमळाबेन परमार यांनी पशुखाद्याच्या दराबाबत विचारणा केली. मा. अध्यक्षांनी समाधानकारक खुलासा केला. मंजूर." साहेब, मी पशुखाद्याबाबत चकार शब्द काढलेला नाही, आणि मा. अध्यक्षांनी खुलासा म्हणून फक्त घाम पुसला.

माझे नम्र म्हणणे असे की, विषय परवानगीने मांडला गेला, सचिवांनी तो सभेपुढे ठेवला आणि सभेने एकमताने मंजूर केला. विरोधी मत एकही नोंदले गेले नाही. खुद्द अध्यक्षांनीही हात वर केला नाही. तर मग तसे लिहावे. "ती सवयीची ओरड होती, तिला अर्थ नाही," असे आपले म्हणणे असल्यास तेही मला मान्य आहे. पण मग ज्या ओरडीने श्री. जशभाई एकोणीस वर्षे बिनविरोध चेअरमन होत आले, तीही हीच ओरड आहे. एकतर सगळेच धरावे, नाहीतर सगळेच सोडावे. माझ्यापुरतीच ओरड खोटी आणि त्यांच्यापुरती खरी, असा नियम मला उपविधीत सापडला नाही.

७. सभेनंतर माझ्या दुधाचे काय झाले ते सांगते. सभेच्या दुसऱ्याच सकाळी माझ्या म्हशींच्या दुधाचे फॅट गायीपेक्षा खाली गेले. संध्याकाळी आणखी उतरले. मी चारा बदलला, सरकी वाढवली, ताज्या दुधाची किटली झाकून उराशी धरून नेली. फॅट काही चढेना. चिठ्ठी देताना नटुभाई माझ्याकडे न बघता म्हणायचे, "बेन, पाणी कमी घालत जा." जिने आयुष्यात दुधात पाण्याचे बोट घातले नाही, तिला भर रांगेत हे ऐकावे लागले. बायका हसल्या नाहीत, पण आपापल्या किटल्या उचलून माझ्यापासून दूर मात्र ठेवल्या.

मग मी एक गोष्ट केली, ती कबूल करते. डेअरीत सकाळी घरगुती गिऱ्हाइकांना दूध विकतात, तपासलेले, पासचे. माझ्या पतींनी ते पासच्या चिठ्ठीसह रोखीने विकत आणले आणि मी तेच दूध, थेंबही न बदलता, माझ्या किटलीतून त्याच काट्यावर परत घातले. ते नापास झाले. डेअरीचे दूध डेअरीतच भेसळीचे ठरले! दोन्ही चिठ्ठ्या सोबत जोडल्या आहेत. यावरून आपणच ठरवावे की खोट म्हशीत आहे, दुधात आहे, की किटलीवरच्या नावात. त्यातल्या नापास चिठ्ठीच्या आधारे मला भेसळीची नोटीस आली, आणि 'भेसळ व संस्थेची बदनामी' या दोन कारणांसाठी रविवारची सभा बोलावली आहे. सभेनंतर मी पोलिसांत दिलेल्या फिर्यादीवरून श्री. जशभाईंना अटक झाली; त्यांना कोर्टातून जामीन मिळाला त्या दिवशी डेअरीत पेढे वाटले गेले. ते माझ्या दुधाचे नसावेत, कारण माझ्या दुधाला फॅट नव्हते.

८. गावाचे वागणे हा आपल्या कार्यालयाचा विषय नाही, हे मला समजते. तरी नोंद व्हावी म्हणून लिहिते. मी रस्त्याने निघाले की चौकात बसणारे मागून ओरडतात, "मंजूर! मंजूर!" माझे नावच 'माईकवाली' पडले आहे. म्हशींच्या कृत्रिम रेतनाला येणारा डेअरीचा माणूस माझे घर सोडून पुढे जातो. श्रावणात थोरली म्हैस व्यायली. आमच्यात पहिल्या चिकाचा खरवस फळियातल्या, म्हणजे आळीतल्या, घरोघरी द्यायचा आणि भांडे परत येताना त्यात चार दाणे यायचे, अशी रीत आहे. रिकामे भांडे आले तर म्हैस आटते म्हणतात. मी खरवस वाटला. भांडी परत आली ती खरवसासकट. उंबऱ्यावर ठेवून गेले होते, हाक न मारता. मी दिवसभर त्या खरवसाकडे बघत बसले आणि शेवटी तो त्याच म्हशीपुढे घातला.

घरातलेही सांगते, म्हणजे मी काही लपवले असे होऊ नये. माझे पती माझ्या बाजूने आहेत. कोर्टात येतात, पोलिसात येतात, डबा धरून बाहेर बसतात. पण एकदा जेवताना म्हणाले, "तू बोललीस ते खरंच बोललीस. पण माईकवर कशाला बोललीस?" मी म्हटले, "तुम्हाला माईकशिवाय सांगितलं होतं." त्यानंतर ते ताटावरून उठले आणि मीही रोटला तसाच झाकून ठेवला. माणूस वाईट नाही. डेअरीच नसेल तर म्हशी विकाव्या लागतील आणि म्हशी विकल्या तर त्यांना परक्याच्या शेतात मजुरीला जावे लागेल, ही त्यांची भीती खरी आहे.

९. दसऱ्यानंतर गावातले चार जाणते माझ्या ओसरीवर आले. त्यांनी अगोदर श्री. जशभाईंचे गुण सांगितले. डेअरी मोठी केली, मंदिराचे शिखर चढवले, वय झाले आहे, साखर आहे. मग तोडगा सांगितला. "तू एवढंच म्हण, वहू, की सभेत तुझ्या अंगात माताजी आली होती. अंगात आल्यावर बाई काय बोलते ते तिचं तिलाच ठाऊक नसतं. तुझंही जाणार नाही, त्यांचंही जाणार नाही. गाव हवन घालील आणि उद्या सकाळपासून तुझं फॅट लागेल."

फॅट लागेल, हे ते बोलून गेले आणि त्यांचे त्यांनाच कळले नाही. मी विचारले, "काका, अंगात खरंच माताजी आली असती आणि तिनं हे नाव घेतलं असतं, तर माताजी खोटं बोलली म्हणायची तुमची छाती झाली असती का?" ते उठले. जाता जाता त्यांतले सर्वांत वडील म्हणाले, "एवढी जीभ चालते, त्या दिवशी खोलीत कुठे गेली होती?" साहेब, त्या दिवशीही चालतच होती. नाही, नाही, एवढेच म्हणत होती.

१०. आता आपल्या पत्राबाबत. आपण म्हणता की, सभेतील ओरड सवयीची होती असे संस्थेचे म्हणणे आहे. तरी समजून-उमजून 'मंजूर' म्हणणारा एक जरी सभासद अर्जदाराने आणला, तर कार्यालय इतिवृत्ताची चौकशी लावील आणि तोवर विशेष सभेला स्थगिती देईल. म्हणजे एका नावावर माझ्या म्हशी, माझे घर आणि माझा शब्द राहतो. पत्र मी पुष्कळदा वाचले. एवढे सोपे काम मला आजवर कोणत्याच कचेरीने सांगितले नव्हते.

असा सभासद आहे. सव्वातीनशे लोकांची ओरड संपली, नटुभाईंच्या ध्यानात आले की आपण काय विचारून बसलो आणि त्यांचा हात माईक बंद करायला गेला, तेव्हा मागून, बायांच्या बाजूने, एकच आवाज आला. हलका, पण स्वच्छ. "मंजूर." तो उशिरा आला होता आणि एकटाच आला होता. त्याला सवयीची ओरड म्हणता येणार नाही. मी वळून पाहिले नाही.

पुढे एका दुपारी मी ओढ्यावर म्हशी धूत होते, तेव्हा ती आपणहून आली. माझ्या म्हशीच्या पाठीवर पाणी ओतू लागली. मग म्हणाली, "भाभी, त्या दिवशी मी म्हटलं ते सवयीनं नाही म्हटलं. मलाही सहीलाच बोलावलं होतं." आणि मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "पण माझं नाव घेऊ नको हं. माझ्या घरी तुझ्या घरच्यासारखा माणूस नाही. मला मारून टाकतील."

आपले पत्र आले तेव्हा मी तिच्याकडे जाणार होते. तिच्या दारापर्यंत गेलेही. ती अंगणात भांडी घासत होती. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला, आणि मी विरजणाला ताक मागायला आल्यासारखे काहीतरी बोलून परत आले. माझ्यावर काय गुदरले ते वर नऊ परिच्छेद भरून लिहिले आहे. ते सगळे तिच्या दारात नेऊन ठेवायचे, आणि ते माझ्याच सहीने, हे माझ्याच्याने होणार नाही. आपला नियम असा आहे की एकीचे खरे ठरायला दुसरीने उद्ध्वस्त व्हावे. तो नियम असेल. मी तो पाळत नाही.

आपले कार्यालय हा अर्जही अभिप्रायासाठी माडीवर पाठवील, अशी माझी खात्री आहे. ते वाचून चेअरमनसाहेब ती बाई कोण हे शोधू लागतील. त्यांनी खुशाल शोधावे. त्या दिवशी माझ्या मागे शंभराच्या आसपास बाया बसल्या होत्या. एकेकीचे तोंड आठवून त्यांनी स्वतःशीच विचारावे, ही होती का? त्यांना एकीहून जास्त आठवल्या, तर तो अर्जदाराचा दोष नाही.

११. सबब, नावाशिवाय जे करता येण्यासारखे असेल ते करावे. काहीच करता येण्यासारखे नसेल तर प्रकरण निकाली काढल्याचे पत्र रविवारच्या आत मिळावे. सभेला मी येणार आहे. माझ्या सभासदत्वाचा विषय नटुभाई वाचतील, मान वर न करता विचारतील, आणि काय उत्तर येईल हे आपणही जाणता. मी उघड्या तोंडाने पुढच्या ओळीत बसेन. या वेळी त्यांना विचारताना माझ्याकडे बघावे लागेल.

आपल्या दारी तिसऱ्यांदा आलेली, आणि तरीही
आपली नम्र,
विमळाबेन शनाभाई परमार
(सही)

वांसखेडा, दि. २१ नोव्हेंबर

सोबत :
१. साधारण सभेच्या इतिवृत्ताची नक्कल, पशुखाद्यासह.
२. एकाच दुधाच्या दोन चिठ्ठ्या : डेअरीने विकले तेव्हाची पास, मी घातले तेव्हाची नापास.
३. भेसळीची नोटीस.
४. साक्षीदार सभासदाचे नाव व जबाब : आहे. जोडलेले नाही.